जुन्या जीपचें स्टिअरिंग : झिजलेले सांधे व त्यांची दुरुस्ती

बैलगाडीला स्टिअरिंग नसतें. तिला चाकें दोनच. बैल ज्या बाजूला वळतील त्या बाजूला जूं वळतें आणि जुवामागोमाग सारी गाडी वळते. गाडीवानाच्या हातांतला कासरा बैलांशीं बोलतो, गाडीशीं नव्हे. चार चाकांच्या बग्गीची गोष्ट निराळी. तिच्या मागल्या चाकांनीं सरळ धांवावें आणि पुढल्या चाकांनीं वळावें, अशी योजना मुद्दाम करावी लागते. जुन्या बग्ग्यांत पुढला सबंध आंस दोन्ही चाकांसह मधल्या एका खिळीवर फिरत असे. ही रचना सोपी खरी. परंतु वळण अंमळ तीव्र असलें कीं आंस तिरपा होई, एका बाजूचा आधार कमी पडे आणि गाडी कलंडण्याचें भय उत्पन्न होई.

म्यूनिक येथें गाड्या बांधणारे गेऑर्ग लँकेन्स्पर्गर यांनीं १८१६ च्या सुमारास या अडचणीवर तोड काढली आणि लंडनमध्यें राहणारे रुडॉल्फ अॅकरमन यांनीं १८१८ मध्यें तिचें इंग्लंडांत पेटंट घेतलें. कल्पना अशी, कीं आंस जागचा हलूं नये. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक उभी खीळ असावी आणि प्रत्येक चाक आपापल्या खिळीभोंवतीं वळावें. दोन्ही चाकांना एकेक भुजा जोडून त्या भुजा एका दांड्यानें बांधल्या, म्हणजे एक चाक वळलें कीं दुसरेंही वळतें. भुजा किंचित् आंत कललेल्या ठेवल्या, म्हणजे आंतल्या बाजूचें चाक बाहेरच्या चाकापेक्षां थोडें अधिक वळतें. आणि तसें वळणेंच योग्य, कारण वळणावर आंतलें चाक लहान वर्तुळांत धांवतें व बाहेरचें मोठ्या वर्तुळांत. आजची प्रत्येक मोटार मूळ याच तत्त्वावर वळते.

या सोयीबरोबर एक जोखीमही आली. दांडा आणि भुजा जेथें एकमेकांस मिळतात, तेथें घट्ट जोड चालत नाहीं. चाक वळतें, शिवाय खड्ड्यांत वरखालीं होतें. म्हणून जोड असा हवा, कीं तो सर्व बाजूंस फिरेल, पण तसूभरही सैल असणार नाहीं. फिरणें आणि सैल नसणें या दोन परस्परविरोधी मागण्या पुऱ्या करणारा तो सांधा. मनुष्याच्या खांद्याच्या किंवा मांडीच्या सांध्यासारखी त्याची घडण असते : एक गोळा आणि त्याला बसेलशी वाटी. मोटारीच्या स्टिअरिंगचें सारें आरोग्य या गोळ्या-वाट्यांवर अवलंबून आहे. आणि गोळ्या-वाट्या झिजतात.

हा विषय वाशीम जिल्ह्यासारख्या भागांत विशेष जिव्हाळ्याचा आहे. अकोला जिल्ह्यांतून १ जुलै १९९८ रोजीं वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगांचे फांटे येथें पसरले आहेत, दक्षिणेच्या बाजूनें पैनगंगा वाहते आणि सखल भागांतील जमीन काळी, चिकण. पावसाळ्यांत या जमिनीच्या पांदणींतून जातांना चिखल चाकाला लगद्यानें चिकटतो. उन्हाळ्यांत तोच चिखल धूळ होऊन प्रत्येक फटींत शिरतो. सोयाबीन आणि तूर घरीं आणण्यासाठीं, आठवडी बाजारासाठीं, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेसाठीं अशा वाटांवर जुन्या जीप उपयोगी पडत आल्या आहेत. शहरांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचीं मुळें अशा गांवांत असतात. वडिलोपार्जित शेताबरोबर वडिलांची जीपही कित्येकांकडे आलेली असते.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ पासून, अमेरिकेंतील विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. भारतांत १९४५ मध्यें स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा हें नांव धारण केलेल्या कंपनीनें विलिसच्या परवान्यानें जीप जोडण्यास स्वातंत्र्याच्या सुमारास आरंभ केला. अमेरिकेंत जी घडण १९६८ नंतर बंद पडली, ती उंच बॉनेटची सी. जे. ३ बी जीप भारतांत त्यानंतरही अनेक वर्षें बनत राहिली. म्हणून जुन्या जीपच्या स्टिअरिंगची रचना समजून घेतांना विलिसची घडण पुढें ठेवणें सोयीचें आहे.

चालक स्टिअरिंगचें चाक फिरवितो. त्या चाकाचा दांडा खालीं स्टिअरिंगच्या पेटींत जातो. पेटींत मळसूत्रासारखी खांच असलेला एक दंडगोल असतो. त्याच्या खांचेंत अडकलेल्या तरफेमुळें चाकाच्या बारा-चौदा अंशांच्या फिरण्याचें पेटीबाहेरच्या भुजेच्या एका अंशांत रूपांतर होतें. हालचाल बाराव्या-चौदाव्या हिश्शानें कमी झाली, कीं जोर तितक्या पटीनें वाढतो. म्हणून एक माणूस हातानें जड गाडी वळवूं शकतो. पेटीबाहेरच्या त्या भुजेला गॅरेजमध्यें ड्रॉप आर्म म्हणतात. ड्रॉप आर्मला जो लांब दांडा जोडलेला असतो तो ड्रॅग लिंक. ड्रॅग लिंकचें दुसरें टोक पुढल्या बाजूला बेल क्रँक नांवाच्या एका तुकड्याला मिळतें. बेल क्रँक म्हणजे एका उभ्या खिळीवर फिरणारी काटकोनांतली तरफ. मागें-पुढें होणाऱ्या ड्रॅग लिंकची गति ती डाव्या-उजव्या गतींत पालटते. बेल क्रँकपासून दोन टाय रॉड निघतात, एक डाव्या चाकाच्या भुजेकडे आणि दुसरा उजव्या चाकाच्या भुजेकडे. पुढच्या काळांतील कांहीं रचनांत बेल क्रँक गाळून दोन्ही चाकांमध्यें एकच लांब टाय रॉड ठेवला आहे. पण तत्त्व तेंच राहतें.

आतां सांधे मोजावे. ड्रॅग लिंकचीं दोन टोकें, बेल क्रँकची खीळ आणि टाय रॉडचीं दोन टोकें. स्टिअरिंगच्या पेटीपासून कोणत्याही एका चाकापर्यंत पोंचतांना असे पांच सांधे ओलांडावे लागतात. समजा, प्रत्येक सांध्यांत केवळ अर्धा मिलिमीटर सैलपणा आला. अर्धा मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीइतका. एकेक सांधा निराळा पाहिला तर कोणीही म्हणेल, यांत काय बिघडलें? परंतु पांचांची बेरीज अडीच मिलिमीटर होते. चाकाची भुजा १५ सेंटिमीटर लांब धरली, तर अडीच मिलिमीटरांमुळें चाक सुमारें एक अंश मोकळें राहतें. पेटीचें प्रमाण बारास एक धरलें, तर तो एक अंश चालकाच्या हाताशीं बारा अंश होतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर कडेला तो सुमारें चार सेंटिमीटर दिसतो. म्हणजे चालकानें चाक चार सेंटिमीटर फिरवावें आणि गाडीनें कांहींच ऐकूं नये.

त्या एका अंशाचा रस्त्यावरचा अर्थ असा. जुन्या जीपच्या पुढल्या व मागल्या आंसांमधलें अंतर ८० इंच, म्हणजे सुमारें दोन मीटर. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत अकरा मीटर अंतर कापते. या वेगांत पुढलीं चाकें एक अंशानें एका बाजूस गेलीं, तर एका सेकंदांत गाडी आपल्या रेषेपासून सुमारें अर्धा मीटर सरकते. वेग दुप्पट झाला तर तेवढ्याच सेकंदांत हें सरकणें चौपट होतें. अरुंद डांबरी रस्त्यावर, समोरून ट्रक येत असतांना, अर्धा मीटर ही लहान गोष्ट नव्हे.

हा दोष वर्षानुवर्षें लपून राहतो, याचें कारण मनुष्याच्या हातांत आहे. झीज एका दिवसांत होत नाहीं. आज एक केंसभर, पुढल्या महिन्यांत आणखी एक केंसभर. आणि चालकाचा हात तितकाच हळू हळू त्याला सरावतो. जुनी गाडी रोज चालविणारा माणूस नकळत सतत डावें-उजवें करीत गाडी सरळ ठेवतो आणि "गाडी अगदीं ठीक आहे" असें मनापासून सांगतो. त्याच गाडीवर दुसरा चालक बसला कीं दहा पावलांत त्याचा जीव घाबरा होतो. म्हणून जुन्या गाडीची परीक्षा तिच्या नित्याच्या चालकाच्या अभिप्रायावरून करूं नये.

शिवाय मंद गतीनें पांदणींतून चालणारी गाडी हा दोष झांकून ठेवते आणि वेगांत तो एकदम उघड होतो. नागपुराहून निघणारा समृद्धि महामार्ग वाशीम जिल्ह्यांतून जातो. अशा सपाट रस्त्यावर आल्यावर जुन्या जीपला आपल्या वयाला न शोभणारा वेग देण्याचा मोह होतो. एखादा लहानसा उंचवटा लागतो आणि पुढलीं चाकें अकस्मात् थडथड डावी-उजवीकडे आपटूं लागतात. गॅरेजमध्यें याला वॉबलिंग म्हणतात. चाकाची उभी खीळ, म्हणजे किंगपिन, मुद्दाम थोडी मागें कललेली असते. विलिसच्या घडणींत ही कल तीन अंशांची आहे. तिच्यामुळें वळलेलें चाक आपण होऊन सरळ होऊं पाहतें. सांधे घट्ट असले तर तें सरळ होऊन थांबतें. सांधे सैल असले तर तें मधल्या रेषेपलीकडे जातें, तेथून परततें, पुन्हां पलीकडे जातें. झोपाळ्याला नेमक्या वेळीं धक्का मिळत राहावा, तसा रस्ता प्रत्येक फेऱ्याला नवा धक्का देतो आणि कंप वाढत जातो. अशा वेळीं एकदम जोरानें ब्रेक दाबूं नये. स्टिअरिंग घट्ट धरून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि गाडी हळू होऊं द्यावी. त्यानंतर मात्र ती गाडी दुरुस्तीवांचून पुढें नेऊं नये.

दुरुस्तीच्या आधीं निदान. टायरमधली हवा दोन्ही बाजूंस सारखी आहे कीं नाहीं, कमानींचे यू-बोल्ट आणि बुश ढिले नाहींत ना, स्टिअरिंगची पेटी चासीला पक्की आवळलेली आहे ना, हें प्रथम पाहावें. पेटीचे बोल्ट ढिले असले तर खालचे सर्व सांधे नवे घालूनही गुण येत नाहीं. नंतर गाडी सपाट जागीं, इंजिन बंद करून, चाकें सरळ ठेवून उभी करावी. एकानें स्टिअरिंगवर बसून तें थोडें थोडें डावें-उजवें हलवावें आणि दुसऱ्यानें खालीं शिरून ड्रॉप आर्मपासून चाकापर्यंत एकेक सांधा क्रमानें पाहावा. प्रत्येक सांध्यावर बोटें अशीं ठेवावीं, कीं अर्धें बोट दांड्यावर व अर्धें भुजेवर येईल. दोन्ही भाग एकाच क्षणीं हलले तर सांधा चांगला. एक आधीं हलला आणि दुसरा मागाहून, तर झीज तेथें आहे. डोळ्यांना न दिसणारें अंतर बोटांना कळतें.

त्यानंतर मागल्या चाकांना दगडाची उटी लावून पुढला आंस जॅकवर उचलावा आणि खालीं मजबूत घोडी लावावी. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें हा अविचार आहे. उचललेलें चाक डावीकडून व उजवीकडून धरून हलविलें असतां खेळ लागला तर संशय टाय रॉडच्या टोकांवर जातो. वरून व खालून धरून हलविलें असतां खेळ लागला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्यें किंवा किंगपिनमध्यें असतो. या दोहोंतला भेद ओळखण्यास सोपी युक्ति आहे : दुसऱ्याकडून ब्रेक दाबून धरवावा. खेळ नाहींसा झाला तर बेअरिंग ढिली आहे; तसाच राहिला तर किंगपिन.

टायरही साक्ष देतो. त्याच्या नक्षीवरून हात आडवा फिरवावा. एका दिशेनें गुळगुळीत आणि उलट दिशेनें करवतीच्या दांत्यांसारखें लागलें, तर चाकें एकमेकांशीं समांतर धांवत नाहींत, असें समजावें.

येथें एका रूढ चुकीचा उल्लेख अवश्य आहे. स्टिअरिंगमध्यें खेळ आला कीं पुष्कळ ठिकाणीं पेटीवरचा स्क्रू आवळून तो घालविण्याचा प्रयत्न होतो. काम दोन मिनिटांचें आणि फुकटचें असल्यामुळें मालकही खूष होतो. पण खेळ जर खालच्या सांध्यांत असेल, तर पेटी आवळून सांधा घट्ट होत नाहीं. उलट पेटींतील खांचेवर नसता दाब पडतो, मधल्या जागीं स्टिअरिंग जड होतें, वळणानंतर तें आपण होऊन परत येत नाहीं, आणि जी पेटी चांगली होती तीही झिजूं लागते. पायांत कांटा रुतला असतां डोकीला पट्टी बांधण्यासारखा हा प्रकार आहे.

सांधे बदलण्याचें काम अवघड नाहीं. पण तें क्रमानें व्हावें लागतें. आदल्या दिवशीं सर्व सांधे ब्रशनें साफ करून गंज सोडविणारें तेल नटांवर सोडून ठेवावें. काढण्यापूर्वीं टाय रॉडच्या दोन टोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचें अंतर मोजून लिहून ठेवावें. मग स्प्लिट पिन काढावी. ही पिन एकदां काढली कीं ती टाकून द्यावी; दहा-वीस रुपयांची वस्तु वांचविण्यासाठीं वांकवून सरळ केलेली पिन पुन्हां घालणें म्हणजे तुटण्याच्या बेतास आलेल्या दोरानें विहिरींत उतरणें होय.

पिनेखालचा खांचांचा नट सोडला तरी सांधा लगेच निघत नाहीं, कारण गोळ्याचा दांडा निमुळता असून तो तितक्याच निमुळत्या भोकांत घट्ट बसलेला असतो. याच गुणामुळें तो रस्त्यावर ढिला होत नाहीं. त्याला सोडविण्यासाठीं पुलर वापरावा. पुलर नसेल तर भुजेच्या भोकाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरावा आणि दुसऱ्या बाजूनें दुसऱ्या हातोड्याचा नेमका ठोका द्यावा. भोक क्षणभर दबतें आणि दांडा सुटतो. दांड्याच्या आट्यांवर खालून ठोके मारूं नयेत. आटे फुलतात आणि नट पुन्हां चढत नाहीं. ठोका देतांना नट दोन-तीन आट्यांवर तसाच ठेवावा, म्हणजे दांडा एकदम अंगावर पडत नाहीं.

टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे असतात आणि दुसऱ्याला उलटे. ही योजना हेतुपूर्वक आहे. दोन्ही टोकें जागीं असतांना मधला दांडा फिरविला कीं एका दिशेनें त्याची लांबी वाढते व दुसऱ्या दिशेनें घटते. चाकांची दिशा याच योगानें जुळवितां येते. म्हणून नवीं टोकें घेतांना एक सुलट्या आट्यांचें व एक उलट्या आट्यांचें मागावें. क्लॅम्प सैल करून जुनें टोक फिरवून काढतांना फेरे मोजावे आणि नवें टोक तितकेच फेरे आंत घालावें, म्हणजे लांबी मूळ मापाजवळ राहते. एकाच दांड्याचीं दोन्ही टोकें बरोबरच बदलावीं; एक नवें व एक जुनें ठेवल्यानें मजुरी दुबार पडते आणि खेळ अर्धाच जातो.

नवें टोक बसविण्यापूर्वीं भुजेचें निमुळतें भोक कोरडें व स्वच्छ पुसावें आणि तें लंबगोल झालेलें नाहीं, हें पाहावें. भोक झिजलें असेल तर नवा सांधाही त्यांत हलत राहील. अशा वेळीं भुजाच बदलणें प्राप्त आहे. नट आवळून झाल्यावर त्याची खांच दांड्याच्या भोकासमोर आली नाहीं, तर नट आणखी थोडा आवळावा. मागें फिरवून कधींही जुळवूं नये. नंतर नवी स्प्लिट पिन घालून तिचे दोन्ही पाय वांकवावे.

ड्रॅग लिंकची घडण निराळी आहे. तिच्या पोकळ टोकांत स्प्रिंग, गोळा धरणाऱ्या वाट्या आणि तोंडाशीं आट्यांचा बूच असतो. झिजलेल्या वाट्या व स्प्रिंग नव्या घालून बूच पूर्ण आवळावा आणि मग कारखान्याच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें, टोक पाहून, अर्धा ते एक फेरा मागें घेऊन स्प्लिट पिनेनें बंद करावा. फार घट्ट राहिला तर गोळा फिरत नाहीं व त्याच्या मानेवर ताण येतो. फार सैल राहिला तर सारी दुरुस्ती व्यर्थ.

बेल क्रँकची खीळ व तिचे बुश हा जुन्या जीपचा सर्वांत विसरला जाणारा भाग. तो खालीं, चिखलाच्या माऱ्यांत असतो आणि पुष्कळदां त्याचा ग्रीस निपल मातीनें बुजून गेलेला असतो. तेथें बोटभर खेळ असतांना मालक चारही टाय रॉडचीं टोकें नवीं घालतो आणि गुण आला नाहीं म्हणून मालाला दोष देतो. खीळ व बुश दोन्ही तपासून एकत्रच बदलावे. झिजलेल्या खिळीवर नवा बुश घालणें म्हणजे ठिगळावर ठिगळ.

सांधे नवे झाले कीं चाकांची दिशा जुळवावी लागते. पुढलीं चाकें पुढच्या बाजूला एकमेकांच्या किंचित् जवळ असावीं; याला टो-इन म्हणतात. विलिसच्या जीपसाठीं हें माप ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे सुमारें १.२ ते २.४ मिलिमीटर आहे. गाडी धांवूं लागली कीं रस्त्याचा रेटा चाकांना बाहेर ढकलतो आणि हें अंतर भरून येऊन चाकें समांतर होतात. सैल सांध्यांमुळें चाकें त्याहून अधिक फांकतात आणि टायर करवतीसारखा झिजतो, तो याच कारणानें. मापण्यासाठीं दोन्ही टायरांच्या मध्यावर मागल्या बाजूला, आंसाच्या उंचीवर, खडूच्या खुणा करून त्यांमधलें अंतर मोजावें; मग गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढें ढकलावी, म्हणजे त्याच खुणा पुढल्या बाजूस येतात, आणि पुन्हां मोजावें. दुसरें माप पहिल्यापेक्षां वरील प्रमाणांत कमी भरलें पाहिजे. दोन टाय रॉड असलेल्या जीपमध्यें स्टिअरिंग बरोबर मध्यावर धरून दोन्ही दांडे जुळवावे, नाहींतर गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वांकडें राहतें. शेवटीं क्लॅम्प आवळावे, चाकें दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून कोठें घासत नाहीं हें पाहावें, आणि मोकळ्या रस्त्यावर मंद गतीनें गाडी चालवून पाहावी.

कांहीं गोष्टी मात्र कधींही करूं नयेत. ड्रॉप आर्म, चाकाची भुजा किंवा टाय रॉड वांकला असतां तो तापवून सरळ करूं नये आणि त्याला वेल्डिंग करूं नये. गांवच्या लोहाराला यामागचें शास्त्र ठाऊक असतें. विळ्याला पाणी दिलेलें असतें, म्हणजे पोलाद तापवून, नेमकें थंड करून त्याला कणखर केलेलें असतें. तोच विळा पुन्हां भट्टींत लाल केला कीं पाणी उतरतें आणि धार मऊ पडते. स्टिअरिंगच्या भुजांनाही कारखान्यांत असेंच पाणी दिलेलें असतें. तापवून सरळ केलेली भुजा दिसण्यांत नवी, पण अंगानें मऊ किंवा ठिसूळ झालेली असते. ती गॅरेजच्या आवारांत मोडत नाहीं. खड्ड्यांत, भरल्या गाडीसह मोडते.

कायद्यानेंही या विषयाची दखल घेतली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८ वा नियम सांगतो, कीं स्टिअरिंगचा मोकळा खेळ चाकावर ३० अंशांहून अधिक नसावा, स्टिअरिंगच्या सांध्यांवर रबरी टोप्या असाव्या, आणि जोडाचे बोल्ट व पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्या. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगवर ३० अंश म्हणजे सुमारें साडेदहा सेंटिमीटर होतात. ही शेवटची हद्द आहे; तिच्या आंत असणें म्हणजे निर्दोष असणें नव्हे. रबरी टोपीचा उल्लेख मात्र विशेष मार्मिक आहे. फाटलेली टोपी म्हणजे उघडें दार : तिच्यांतून पावसाळ्यांत पाणी शिरून वंगण धुवून नेतें आणि उन्हाळ्यांत धूळ शिरून उरलेल्या वंगणाची घासणारी लुकण करते. सांधा झिजतो तो चालण्यानें कमी आणि या लुकणीनें अधिक.

जुन्या बैलगाडीखालीं वंगणाचा नळा टांगलेला असे. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वीं आंसाला वंगण दिल्यावांचून गाडीवान बैल जुंपीत नसे. मोटारीला ग्रीस गन आहे, पण ती घेऊन खालीं वांकणारा हात कमी झाला आहे. जुन्या जीपच्या ग्रीस निपलांना दर हजार मैलांनीं, म्हणजे सुमारें १६०० किलोमीटरनंतर, ग्रीस द्यावें. नाला ओलांडला किंवा चिखलांतून गाडी काढली तर त्याच आठवड्यांत द्यावें, म्हणजे शिरलेलें पाणी बाहेर ढकललें जातें. रबरी टोपी किंचित् फुगेपर्यंतच ग्रीस भरावें. अधिक भरलें तर टोपी फाटते. पावसाळा लागण्यापूर्वीं एकदां आणि ओसरल्यावर एकदां, अशी वर्षांतून दोनदां सांध्यांची पूर्ण तपासणी करावी. पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे शेकून त्यांना हळद-तूप चोळण्याची रीत ज्या प्रांतांत आहे, तेथें हें वेगळें समजावून सांगण्याची गरज पडूं नये.

इंजिन बंद पडलें तर गाडी थांबते. मालकाचा खोळंबा होतो, पण जीव राहतो. पायाचा ब्रेक निकामी झाला तर हाताचा ब्रेक असतो, गिअर असतो. स्टिअरिंगचा सांधा निसटला तर त्याच्या जागीं दुसरें कांहींच नसतें; उत्तम चालक, उत्तम इंजिन आणि नवे टायर यांपैकीं कशाचाही त्या क्षणीं उपयोग होत नाहीं. म्हणून जुन्या गाडीवर खर्च करण्यास पैसा थोडा असेल, तर रंग, गाद्या आणि दिवे यांच्या आधीं या सांध्यांचा नंबर लागावा. टाय रॉडच्या नव्या टोकांचा खर्च टायरच्या एका जोडीपेक्षां पुष्कळ कमी असतो. आणि यात्रेहून परतणारी दाटीनें भरलेली जीप रात्रीं घाटाच्या वळणावर येते तेव्हां तिच्यांतल्या सर्वांचा भार एका नटावर आणि एका पिनेवर असतो. ती पिन जागेवर आहे कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं खालीं वांकून पाहण्यास दोन मिनिटें पुरतात.